तोराझोआजोबांचं नाक

बांबूचा कोळसा पाडताना निघणाऱ्या धुराचा अर्क कधी धरायचा, हे तोराझोआजोबा नुसत्या वासावरून ठरवतात, अशी कागोशिमात त्यांची ख्याती होती. पण यंदा प्रयोगशाळेत माल तपासणाऱ्या चिझुरूने त्यांचा अर्क तीनदा तपासला, तरी गोडसर धुरकट वासाची द्रव्यं नावालाच होती आणि नाकाला झोंबणारी दुप्पट. असा अहवाल गेला, तर त्यांचा माल कोण घेणार? तिला चैन पडेना. कागद टेबलावरच ठेवून ती तडक भट्टीवर गेली.

“आजोबा, धूर फार लवकर धरलात का? तुमचं नाक तर कधी चुकत नाही!”

आजोबा धुराकडे बघत म्हणाले,



“नाक आमच्या हिचं होतं, पोरी. ‘आता धरा’ म्हणायला ती राहिली नाही.”