पदराची गाठ

"आजोबा, चेंडू दाबा. लक्ष कुठे आहे तुमचं?" व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी वैतागली. लकव्यानं गेलेला माझा उजवा हात तसाच पडून होता. आता हलला नाही तर पुढे हलणार नाही, असं तिनं दारात सुनेला सांगितलेलं मी ऐकलं होतं. पण चेंडूत काही नसतं, हे हातालाही ठाऊक होतं.

बायको गेली त्या दिवशीची तिची साडी मी धुवू दिली नव्हती. पदराच्या टोकाला गाठ होती आणि आत काहीतरी टणक. ती गाठ उजव्या तळव्यावर ठेवून बसलो. काय बांधलं असेल हिनं? सुपारी? नातवाचा पडलेला दात? सगळं लक्ष बोटांच्या टोकाशी गेलं आणि तर्जनी वाकली. दोन दिवसांनी अंगठा.

काल झोपून उठलो, तर गाठ सुटलेली. "तुमची धडपड बघवेना, मामंजी," सून म्हणाली. "लवंग होती नुसती."

लवंग तळव्यावर ठेवून पाहिली. बोटं हलेनात. खूप रडलो.

"परत बांध," मी सुनेला म्हटलं. "तिच्याच पदराला. काय घातलंस ते सांगू नको मला."