सातवी सोनोग्राफी

काकांना काहीही झालेलं नाही, हे सातव्या सोनोग्राफीतही सिद्ध झालं. ते कानाआड करून काका परत रांगेत जाऊन बसले.

"अहो काका, हृदय झालं, किडनी झाली, मानेच्या शिरा, गुडघा, डोळासुद्धा झाला. सगळं ठणठणीत!" सोनोग्राफीवाल्या ताई कंबरेवर हात ठेवून म्हणाल्या. "आता काय नखं बघू? घरी जा की!"

घरी, "जेल गार लागेल हं काका," असं सांगणारं कुणी नव्हतं. "श्वास धरा... सोडा आता," म्हणत काकांच्या श्वासाकडे लक्ष ठेवणारंही नव्हतं.

काकांनी चौकशीच्या खिडकीत अर्ज दिला.



"माझे तपासण्याजोगे सर्व अवयव संपले आहेत. तरी कृपया आणखी एक अवयव मंजूर करावा, ही नम्र विनंती."