गाईला मारलेल्या हाका

"काठ्यांवर बसून राहा," मॅलकी म्हणाला. "म्हणजे हात शिवशिवले तरी सापडणार नाहीत."

डर्व्हलानं खरंच ड्रमच्या दोन्ही काठ्या मांडीखाली सारल्या. "हातांची हमी देते. मोठ्या ड्रमच्या पेडलवरच्या पायाची नाही. तो माझं कधीच ऐकत नाही."

"मग पायावर पाय टाकून बस. चर्चमध्ये बसतेस तशी."

"चर्चमध्ये मी कुठे बसते?"

मॅलकी हसायला गेला आणि खोकला. खोकला संपेपर्यंत ती दुसरीकडे बघत राहिली. उद्या सकाळी ऑपरेशन करून त्याच्या घशातलं स्वरयंत्र काढणार होते, हे लंडनमधल्या किलबर्नच्या त्या खच्चून भरलेल्या पबात तिला एकटीलाच माहीत होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून नीट समजावलं होतं. मग कुतूहल म्हणून त्यांनी मोबाइलवर त्याच्या 'बिशपची गाढवं' या बँडचं एक गाणं ऐकलं आणि विचारलं, "हे दुखणं सुरू झाल्यानंतरचं का?"

"नाही," मॅलकी म्हणाला होता, "तेव्हा मी ठणठणीत होतो."

लोकांना सांगण्यात अर्थ नव्हता. मागच्या वर्षी सेंट पॅट्रिकच्या आयरिश सणाला अकॉर्डियन वाजवणाऱ्या फेस्टसनं आपली आई गेल्याचं याच स्टेजवरून सांगितलं होतं, तर लोकांनी "आई! आई!" असा ठेका धरला आणि त्याला खांद्यावर घेऊन फिरवलं. फार प्रेमळ माणसं. फक्त ऐकत नाहीत.

आणि मॅलकीला तेवढंच हवं होतं. उभा जन्म ओरडण्यात गेला, आज एकदा गायचं होतं, कोणी तरी ऐकेल असं. गाणं त्याच्या आईचं, आयरिश भाषेतलं. त्यात फार काही घडत नाही. एक बाई तिन्हीसांजेला गाईला हाका मारते. गाय येत नाही. पाच कडवी. आयर्लंडमधल्या मेयोच्या किनाऱ्यावर आई ते गायची तेव्हा कोणी तरी तिचा हात हातात घेऊन रहाट फिरवावा तसा हळूहळू फिरवत राही, आणि घरातली माणसं तोंडातला चहासुद्धा गिळायची थांबत.

त्यानं माइक धरला, डोळे मिटले आणि सुरुवात केली.

पहिल्या कडव्याच्या शेवटी डोळे उघडले, तर सगळा पब उकिडवा बसला होता.

बाकी कोणाला वाटलं असतं, गाणं काळजाला भिडलं. मॅलकीला तसं वाटायची सोय नव्हती. बँडचं प्रत्येक गाणं असंच सुरू व्हायचं: आधी संथ, एकट्याच्या गळ्यातून, मग डर्व्हलाचा ड्रम फुटायचा आणि लोक उसळायचे. उडी उंच जावी म्हणून आधी खाली बसायचं, ही शिस्त त्यानंच लावली होती. "खाली बसा रे गाढवांनो!" असं त्यानं वर्षानुवर्षं इतकं घसा फोडून सांगितलं होतं, की आता सांगावं लागत नव्हतं.

दुसरं कडवं. पुढच्याच रांगेत काळ्या बिअरचा ग्लास बनून आलेला एक आडदांड माणूस होता. कमरेभोवती रबरी ग्लास, डोक्यावर कापसाचा फेस. तोही बसला होता, ग्लास गुडघ्यांत दुमडून. त्याचे डोळे चमकत होते, पण ते मॅलकीकडे नव्हते. कोणाचेच नव्हते. बाई गाईला तिसरी हाक मारत होती आणि सगळा पब डर्व्हलाच्या हातांकडे बघत होता. फेस्टसनंसुद्धा सवयीनं अकॉर्डियनचा भाता भरून तयार ठेवला होता. त्यातून बारीक सुर्र आवाज येत राहिला.

चौथ्या कडव्यात मॅलकीचा आवाज फाटला. आईचाही तिथेच फाटायचा. त्याला जरा बरं वाटलं.

पाचवं कडवं संपलं. गाय आली नाही.

अशी शांतता त्या पबानं कधी पाहिली नव्हती. बर्फाचा खडा ग्लासात सरकला तेवढं ऐकू आलं. डर्व्हलाच्या हनुवटीवरून पाणी गळत होतं. पुसायला हात मोकळे होते, तरी तिनं पुसलं नाही. मॅलकी वाट बघत राहिला. लोकही वाट बघत राहिले.

"मॅलकी, भावा," बिअरचा ग्लास कळवळून म्हणाला, "सुरू कर की रे आता! गुडघे गेले माझे!"

"म्हातारा पुढचं विसरला!" मागून कोणी तरी ओरडलं. पब खदखदून हसला, पण उठलं कोणी नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

मॅलकीनं वळून डर्व्हलाकडे पाहिलं. तिनं नाही म्हणून मान हलवली.

"काठ्या काढ," तो म्हणाला.

"मॅलकी, नको ना रे."

"अगं, माणसं अवघडलीत."

तिनं मांडीखालून काठ्या काढल्या. मॅलकी माइकपाशी गेला आणि गळ्यात जेवढा म्हणून आवाज शिल्लक होता, तेवढा सगळा लावून ओरडला, "एक, दोन, तीन, चार!"

ड्रम फुटला. पब उसळला. छताची एक ढलपी फेस्टसच्या टोपीवर पडली, बिअर भिंतींवर उडाली आणि 'गाढवांचं' सगळ्यात गाजलेलं गाणं शेकडो गळ्यांतून एकदम बाहेर पडलं, अक्षर न अक्षर पाठ असलेलं. मॅलकी माइकपासून दोन पावलं मागे सरला. तोंड मिटून उभा राहिला.

बिअरचा ग्लास शेजाऱ्याच्या गळ्यात हात टाकून नाचत होता. स्टेजकडे बोट दाखवून तो आनंदानं ओरडला, "बघ! आता कुठे लागला याचा आवाज!"