गॅसवर
डिकीतला निळा सिलिंडर पाहून बाबांना वाटलं, पोराने एकदाचं गॅस किट बसवलं. शुभंकरने तसंच वाटू दिलं. आत मात्र शर्यतवाल्यांचा नायट्रस होता, इंजिनाला भलताच जोर देणारा. इंजिन फुटू नये म्हणून त्याने जादा पेट्रोलची सोय केली होती. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकल्याशिवाय डॅशबोर्डवरचं बटण दाबूनही नायट्रस सुटणारच नव्हता. त्यामुळे कात्रजच्या उतारावर बाबांनी “गॅसवर टाकतो, तेवढंच पेट्रोल वाचेल,” म्हणत बटण दाबलं, तेव्हा तो शेजारच्या सीटवर गालात हसला. बाबा चाळीसच्या वर कधी जात नसत. तेवढ्यात ब्रेक गेलेला ट्रक हॉर्न वाजवत आरसाभर झाला. बाबांनी पाय तळापर्यंत दाबला. गाडी उसळली, दोघांच्या पाठी सीटवर आपटल्या. मागे ट्रक कठड्यावर आदळला. गाडी थांबली. बाबांनी बटण बंद केलं. “गॅस पुरवून वापरायचा.”