चिलखतावरचे चरे

वेशभूषेच्या स्पर्धेसाठी तीन महिने खपून मी फोमचं चिलखत केलं. जिमच्या फरशीवर घालतात तो जाड फोम कापला, हीट गनने शेकून छातीला आणि पाठीला बाक दिला, वर चंदेरी रंग चढवला. पण ते फारच कोरं करकरीत दिसत होतं. लढाईतून आल्यासारखं वाटायला हवं, म्हणून तापलेल्या सळईने मी छातीवर चरे पाडायला बसले.

बाबा समोरच्या खुर्चीत बसून बघत होते. ते खऱ्या लढाईवर जाऊन आलेले. त्यांचं शौर्यपदक भिंतीवर आहे आणि गोळीचा व्रण पाठीवर. गोळी पाठीत कशी, असं कुणी विचारलं की उत्तर आईच द्यायची, "दगाबाज मेले! समोरून यायची छाती नव्हती, म्हणून मागून घातली." बाबा नेमके तेव्हाच पाणी प्यायला उठायचे.

आईला जाऊन आता महिना झाला होता.

"बाबा, खरं वाटतंय का हो?" मी विचारलं.

त्यांनी चिलखत मांडीवर घेतलं. छातीवरच्या चऱ्यांवरून हात फिरवला, मग ते पालथं करून कोऱ्या पाठीवर बोट ठेवलं. भाजी कुठली आणायची ते सांगावं, तशा आवाजात म्हणाले,



"चरे इथे पाड. आम्ही सगळे पळत होतो."