जोडणीचं ठिकाण

अरवाने गाडी युनियनच्या हॉलच्या आवारात वळवली, तर फाटकात तिचे वडीलच आडवे उभे. अंगात नारिंगी जाकीट, एक हात वर.

"पलीकडे लाव."

"बाबा, मी आहे."

"दिसतंय. तुझी जपानी गाडीही दिसतेय." मुकबिलनी मागच्या पाटीकडे बोट केलं. परदेशी गाड्या रस्त्यापलीकडे लावाव्यात, असं त्या पाटीवर लिहिलेलं होतं. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे, पण पाटी पाठ होती. इथल्या, मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांना डावे दरवाजे बसवले होते. आता निवृत्तांच्या बैठकीला दर महिन्याला फाटकावर उभं राहायचं काम त्यांनी स्वतःहून मागून घेतलं होतं.

"आईने खिम्याचे सांबुसे पाठवलेत तुमच्या मंडळींना. ठेवते आणि जाते. दोन मिनिटं."

"मग दोन मिनिटं तिकडे लाव."

रस्ता सहा पदरी होता. भर उन्हात, दोन्ही हातांत गरम परात धरून तो ओलांडून ती परत आली, तेव्हा पायरीवर बसलेले म्हातारे खिदळत होते.

"काय रे मुकबिल," ड्यूई ओरडला, "पोटच्या पोरीलाही सोडत नाहीस! उद्या बायको उंटावर बसून आली तर?"

"उंटाला आत घेईन. उंट जपानी नसतो."

सगळे हसले. अरवालाही एरवी हसू आलं असतं. पण परातीच्या कडा बोटांना भाजत होत्या आणि मानेवरून घाम पाठीत उतरत होता. फाटकाजवळच्या पहिल्या जागेत मुकबिलची निळी गाडी उभी होती, कारखान्याचंच नाव मिरवणारी, दर शुक्रवारी धुतलेली. अरवाने परात तिच्या बॉनेटवर आदळली.

"माझी गाडी ओहायोत बनलीय, बाबा. इथून अडीच तासांवर. तुमची कुठली, ठाऊक आहे?" तिने पुढच्या काचेखाली कोरलेल्या, कारखान्याने दिलेल्या नंबरावर बोट ठेवलं. "हा बघा, तीनने सुरू होतो. तीन म्हणजे मेक्सिको. माझा एकने सुरू होतो."

पायरीवर हशा फुटला.

"अरे, चोर तर फाटकावरच उभा!" ड्यूई मांडीवर थाप मारत म्हणाला. "काढ लेका, काढ ती पलीकडे!"

मुकबिलनी नंबर पाहिलाच नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं.

रागाच्या भरात तिला फक्त मेक्सिको आठवलं होतं. मिशिगन आता आठवलं. दोन वर्षांपूर्वी, गाड्यांच्या दुकानात, याच काचेवर चिकटवलेला कागद. "वाच बघू, जोडली कुठे?" त्यांनी विचारलं होतं. जोडणीच्या ठिकाणापुढे मेक्सिको छापलेलं होतं. तिला अकराला कॉलेजात तास घ्यायचा होता. खरं सांगितलं असतं तर ते दुसरी गाडी बघायला निघाले असते, मग तिसरी. "मिशिगन," ती म्हणाली होती. त्यांनी मान हलवून सही केली होती.

"माझीच चूक," मुकबिल पायरीकडे वळून म्हणाले. "इंग्रजी कच्चं आहे माझं."

त्यांनी जाकीट काढलं, घडी घातली, ड्यूईच्या मांडीवर ठेवलं. परात उचलून तिच्या हातात दिली. मग गाडी सुरू केली, रस्ता ओलांडला आणि तिच्या गाडीशेजारी नेऊन लावली. चालत परत येऊन त्यांनी एक सांबुसा तोंडात टाकला.

"आईला सांग," ते म्हणाले, "आज मीठ बेताचं पडलंय."

संध्याकाळी ती त्यांना फोन करणार होती. केला नाही. सकाळी ते न्हाणीघरात कोसळले, आणि दुपारच्या नमाजानंतर दफन झालं.

तिसऱ्या दिवशी ड्यूई घरी आला. बरोबर पायरीवरचे चौघं. पुढच्या खोलीत ते टोप्या हातात धरून दाटीवाटीने बसले. अरवाने कॉफीची टरफलं आलं घालून उकळून केलेली किश्र पेल्यांत ओतून आणली. आतल्या खोलीत बायकांचं पठण चाललं होतं.

"पोरी, आमचं ठरलंय," ड्यूई म्हणाला. "उद्या त्या दुकानात जायचं. पाचही जण. त्या विकणाऱ्याला सगळ्यांसमोर बाहेर बोलावणार. म्हाताऱ्याला वाचता येत नाही हे बघून थाप मारली हरामखोराने. आणि आम्ही गाढवं खिदळत बसलो. तू गेल्यावर मुकबिल घरी जाईपर्यंत एक शब्द बोलला नाही, माहितेय? केवढं लागलं असेल त्याला."

"दुकानातून काढायला लावू त्याला," दुसरा म्हणाला. "नाव काय त्याचं? तू होतीस ना बरोबर?"

तिला नाव आठवत होतं. तो माणूस हात मागे बांधून बाजूला उभा राहिला होता, बापलेकीचं बोलणं संपायची वाट बघत. नुसतं 'आठवत नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

तिने शेवटचा पेला ड्यूईच्या हातात दिला.

"त्याने काही सांगितलं नव्हतं. कागद मी वाचून दाखवला. त्यावर मेक्सिको लिहिलं होतं. मी मिशिगन वाचलं."

पेला ड्यूईच्या ओठांपाशीच थांबला.

"का गं?"

"मला घाई होती."