मोरचुदाचं पाणी

१९३६ सालच्या मे महिन्यात कळंबच्या बागायतदार सर्जेरावांचा बंगल्यामागचा पोहण्याचा हौद शेवाळानं हिरवागार झाला. पुण्याहून पाहुणे यायचे होते. सर्जेरावांनी पाण्यात मोरचुदाचे निळे विषारी खडे टाकायला लावले आणि शेवाळ मेल्यावर ते पाणी ओढ्यात सोडून भिंती घासायचा हुकूम दिला. हौद घासणारी ठमाबाई कमरेएवढ्या पाण्यात उतरली खरी, पण तळाचं बूच काढायचं सोडून त्यावरच पाय रोवून उभी राहिली. गेल्या उन्हाळ्यात असंच पाणी ओढ्याला गेलं होतं आणि ते पिऊन तिची गाभण म्हैस तडफडून मेली होती. "बाजूला हो, ठमे," काठावरून सर्जेराव ओरडले. "न्हाय व्हणार. खाली समद्या गावाची जनावरं पाणी पित्यात." "मग हौद असाच ठेवू?" "तुमच्या बागंत सोडा की." "गुलाब जळतील माझे," ते बोलून गेले. ठमाबाई संतापानं ओरडली. "गुलाब जळत्यात हे ठावं हाय तुमास्नी. मंजी माझी म्हस कशानं मेली, ते बी ठावं व्हतं." तिचा नवरा गेणू, सर्जेरावांच्याच बागेतला माळी, जवळच उभा राहून हे ऐकत होता. आजवर त्यानं मालकांपुढं कधी मान वर केली नव्हती. त्यानं फावडं उचललं, ओढ्याकडं जाणारा पाट मातीनं बुजवला आणि पाटाच्या कडेच्या गुलाबांच्या वाफ्याचा बांध फोडला. "आता सोड पाणी," तो बायकोला म्हणाला.